सातवं बोंड

बऱ्याच दिवसांपासून हे लिहायचं मनात होतं. दोनदा सुरुवात केली आणि सोडून दिली. एकदा वाटलं, गोल्फवर लिहिलं तर गावाकडचे म्हणतील, "पोरगं लई मोठं झालं आता." दुसऱ्यांदा वाटलं, यात आपली जी शोभा झाली ती आपणच चारचौघांत कशाला सांगा? शेवटी अण्णांना फोनवर विचारलं. कारण यात एक गोष्ट माझी आहे आणि एक त्यांची. ते म्हणाले, "लिही की. खरं हाय ते लिवायला काय झालं? गल्लीतल्यांनी वाचलं तर वाचू दे." म्हणून लिहितोय.

आधी गोल्फचं सांगतो. हा साहेबांचा खेळ असं आपल्या डोक्यात बसलंय आणि त्यात फार खोटंही नाही. पुण्यात शिकायला होतो तेव्हा येरवड्याचा गोल्फ कोर्स रस्त्यावरून जाता-येता कुंपणापलीकडून दिसायचा, तेवढाच माझा आणि गोल्फचा संबंध. आमच्या रेणापुरात तर हिरवळ म्हणजे पावसाळ्यात बांधावर येते ती. २००७ साली मेलबर्नला आलो, तेव्हा कळलं की इथे कौन्सिलच्या मालकीचे, कोणीही तिकीट काढून खेळावं असे कोर्स असतात. आपल्याकडे नगरपालिकेची बाग असते तसे. ऑफिसमधल्या एकाने ओढून नेलं, पहिल्या दिवशी सात चेंडू हरवून आलो आणि लागली की सवय!

आमचा क्लब म्हणाल तर क्लब, नाहीतर भिशी. ना स्वतःचं मैदान, ना इमारत. तीसेक सभासद, एक पत्र्याची पेटी आणि एक सेक्रेटरी. शनिवारी सकाळी सात वाजता सार्वजनिक कोर्सवर जमायचं, पेटीत ठरलेले डॉलर टाकायचे, चौघाचौघांच्या गटाने निघायचं. त्याच पैशांतून बक्षिसं. पहिल्याला तीन चेंडूंची डबी, झेंड्याच्या सर्वांत जवळ चेंडू टाकणाऱ्याला एक चेंडू, आणि सगळ्यात वाईट खेळणाऱ्याला आठवडाभर सांभाळायला एक फुटका मग. (तो मग आमच्या घरी बरेच शनिवार राहून गेलाय.) सभासदांत एक निवृत्त प्लंबर आहेत, एक शाळेतल्या बाई, एक ट्रकवाला, एक दातांचा डॉक्टर, आणि ऐंशी ओलांडलेले एक ग्रीक आजोबा. नावं कशाला घ्यायची? मी घरी त्यांना प्लंबरकाका, बाई आणि आजोबा असंच म्हणतो.

आता ऐंशीचे आजोबा आणि पस्तिशीचा ट्रकवाला एकाच स्पर्धेत कसे खेळणार? तिथेच या खेळाची खरी गंमत आहे. त्याला हँडिकॅप म्हणतात. सध्याच्या नियमाने तुमच्या शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सर्वांत चांगल्या आठ फेऱ्या धरून तुमची कुवत काढतात, आणि त्या हिशोबाने तुम्हाला काही फटके माफ होतात. चांगल्या खेळाडूला पाच-सहा, नवशिक्याला जास्तीत जास्त चोपन्न. मला तेव्हा अठ्ठावीस होते. म्हणजे कोर्सवरच्या अठरा होलांपैकी अवघड अशा दहा होलांवर दोन-दोन फटके माफ आणि बाकीच्या आठांवर एक-एक.

गुण मोजायची पद्धत स्टेबलफर्ड. फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ती काढली आणि १९३२ साली वॉलसीच्या क्लबात तिची स्पर्धा झाली. प्रत्येक होलला ठरलेले फटके असतात, चार म्हणा. माफीचे वजा करून चारात चेंडू गेला तर दोन गुण, पाचात गेला तर एक, त्याहून जास्त लागले तर शून्य. चेंडू उचलायचा आणि पुढच्या होलला जायचं. एक होल बिघडला म्हणून सगळा दिवस बिघडत नाही. आपल्या कुवतीइतकं खेळलं की अठरा होलांचे छत्तीस होतात. मग तुम्ही आजोबा असा की ट्रकवाला.

पण या सगळ्या व्यवस्थेत एक गोम आहे. साध्या शनिवारच्या खेळात पंच नसतो! मैदान पाऊण गावाएवढं, चौघं चार दिशांना झाडाझुडपांत चेंडू शोधतायत. तुमचं कार्ड सोबतचा खेळाडू लिहितो खरं, पण तो होल संपल्यावर तुम्हालाच विचारतो, "किती?" तुम्ही सांगाल तो आकडा. बस.

अण्णा २०२३ च्या ऑक्टोबरात इकडे आले. आई २०१९ साली गेली, तेव्हापासून बोलावत होतो, पण "सोयाबीन निघू दे, हरभरा पेरू दे" करत चार वर्षं गेली. अण्णांचा जन्म मापाडी म्हणून गेला. लातूरच्या आडत बाजारात चाळीस वर्षं तूर, हरभरा, सोयाबीनची पोती मोजली. शिक्षण चौथी. मोजताना खिशात चिंचोके ठेवायचे. एक पोतं काट्यावरून उतरलं की एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. आणि मापाड्याने पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार... लहानपणी मला वाटायचं, लाभ हाच खरा पहिला आकडा आहे, 'एक' शाळेत शिकवायला काढलाय.

पहिल्या शनिवारी अण्णांना सोबत नेलं. सेक्रेटरीने नाव विचारलं, मी "अण्णा" म्हणालो. त्यांच्या कानाला ते ॲना ऐकू आलं, आणि इथे ते बाईमाणसाचं नाव! पण कोणी काही बोललं नाही. पुढे सगळा क्लब त्यांना अदबीने 'मिस्टर ॲना' म्हणायला लागला. अण्णांना त्यातलं काही कळत नव्हतं म्हणून बरं. धोतर, वर माझं जाड जाकीट, टोपी आणि हातात छत्री अशा थाटात ते अठरा होल चालले.

पहिल्या टीवर उभे राहून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. "एवढं गवत! कोणती जनावरं खातेत हे?"

"कोणतीच नाही, अण्णा. कापून टाकतात."

ते काही बोलले नाहीत. चालता चालता वाकले, गवताची एक काडी उपटली, गाठी बघितल्या आणि हसायला लागले. "आरं बाबू, ही तर हरळी!"

खरंच होतं ते. इथे १९९७ पासून २००९ पर्यंत मोठा दुष्काळ होता. मी आलो तेव्हा घरच्या बागांना पाणी घालण्यावर निर्बंध होते, आणि २००८ च्या डिसेंबरात सरकारने माणशी दिवसाला १५५ लिटरांत भागवा अशी मोहीम सुरू केली होती. त्या काळात इथल्या बऱ्याच मैदानांवर जास्त पाणी पिणारं गवत काढून हरळीच्या जातीचं लावलं. थंडीत पिवळं पडतं, पण कमी पाण्यात तगतं. अण्णांनी जन्मभर जी हरळी कुदळीने खणून बांधावर फेकली, ती इथे लोक जपून वाढवतात. हे त्यांना इतकं आवडलं की त्या दिवशी लातूरला तीन फोन झाले, "इथं हरळीची शेती करायलेत" म्हणून.

दुसऱ्या शनिवारपर्यंत अण्णांना खेळ कळला. विटीदांडू ज्याने खेळलाय त्याला गोल्फमध्ये समजावून सांगण्यासारखं फार नसतं. लांब मारायचं, कमीत मारायचं. हँडिकॅप समजावताना मला वाटलं होतं जड जाईल, तर ते मधेच म्हणाले, "म्हंजे माणशी घागरी. ज्याच्या घरात माणसं जास्त त्याला जास्त." आणि एकदम गप्प झाले. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

त्या दिवसापासून त्यांनी मोजायलाही सुरुवात केली. चिंचोके नव्हते, पण इथे निलगिरीच्या झाडांखाली बोंडांचा खच पडलेला असतो. माझा एक फटका झाला की एक बोंड डाव्या खिशातून उजव्या खिशात. होल संपला की उजवा खिसा रिकामा. मला वाटलं, म्हातारं माणूस, वेळ जात नाही, चाललंय...

तर तो चौथा शनिवार. माझं सगळं जमून येत होतं. चौदाव्या होलपर्यंत इतके गुण आयुष्यात कधी झाले नव्हते. पंधरावा होल चारचा आणि अवघडांपैकी, म्हणून मला दोन फटके माफ. दुसरा फटका उजवीकडच्या झुडपात गेला. मी आत शिरलो, बाकीचे तिघं पलीकडे हिरवळीजवळ. चेंडू एका मुळाला टेकून बसलेला. मारला, आणि काठी चेंडूच्या वरून नुसती हवेत फिरून आली. चेंडू जागेवरच. हवेत गेलेला फटकाही फटकाच असतो, तसा नियमच आहे. मारायच्या हेतूने काठी फिरवली की मोजायचा. मी पुन्हा मारला, चेंडू बाहेर आला. पुढे आणखी तीन फटक्यांत होलमध्ये.

प्लंबरकाकांनी कार्ड काढून विचारलं, "किती?"

"सहा," मी म्हणालो.

विचार करून म्हणालो असंही नाही, आणि चुकून म्हणालो असंही नाही. तोंडातून निघालं. सहा म्हणजे दोन गुण, सात म्हणजे एक. मागे झुडपाजवळ अण्णा छत्री टेकून उभे होते.

शेवटी माझे सदतीस झाले आणि प्लंबरकाकांचे छत्तीस. मी पहिला! एक गुण कमी असता तर बरोबरी, आणि बरोबरीत शेवटच्या नऊ होलांचे गुण बघतात. त्यात काकांचे जास्त होते. म्हणजे सरळ हिशोब, डबी त्यांची होती. सेक्रेटरीने नाव पुकारलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी सगळ्यात आधी येऊन हात मिळवला. "मिस्टर ॲना आले आणि तुझा खेळ सुधारला," असं म्हणाले. अण्णांनीही टाळ्या वाजवल्या. घरी येताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते.

रात्री जेवणं झाली. बायको आणि लेक आत गेल्या. अण्णांनी खिशातून बोंडं काढली आणि टेबलावर एक एक करून मांडली. "लाभ... दोन... तीन... चार... पाच... सहा..." आणि सातवं हातातच धरून माझ्याकडे बघितलं.

"अण्णा, तो हवेत गेला होता."

"हवेत गेला तरी मारला की."

मी काय बोलणार? म्हणालो, "तुम्ही तिथंच का नाही बोललात?"

"चार माणसांत आपल्या लेकराचं माप काढायचं आसतंय का?" मग ते सातवं बोंड त्यांनी त्या रांगेत ठेवलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. चाळीस वर्षं मापाडी असलेल्या माणसासमोर मी माप मारलं होतं. पण ते वेगळंच बोलायला लागले.

२०१६ चा उन्हाळा आठवतोय ना? मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी करू नये म्हणून मार्चमध्ये १४४ कलम लावलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, पहिली गाडी १२ एप्रिलला पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात शिरली. मी ते इथे मोबाइलवर बघत होतो आणि घरी फोन केला की आई म्हणायची, "हाय बाबा, आमचं चाललंय. तू काळजी करू नको." कसं चाललंय ते मी कधी खोलात विचारलं नव्हतं.

रेणापूर लातूरपासून वीसेक किलोमीटर. रेल्वेचं पाणी शहरासाठी. आमच्या गल्लीत शेजारच्या काकूंच्या बोअरला थोडं पाणी होतं आणि त्यांनी ते सगळ्या गल्लीला खुलं केलं होतं. माणशी दोन घागरी. पाचजणांच्या घराला दहा, दोघांच्या घराला चार. वीज रात्री-अपरात्री यायची, मग ज्याला जाग येईल त्याने जाऊन भरायचं. ओट्यावर लेकरांची एक जुनी पाटी टांगली होती, तिच्यावर सगळ्या घरांची नावं. घागर भरली की आपल्या नावापुढे आपणच रेघ ओढायची. राखायला कोणी नाही. "तुझ्या ह्या खेळावानी," अण्णा म्हणाले.

तेव्हा आईला कावीळ झाली होती. (हेही मला नंतर कळलं.) एका रात्री उलट्या झाल्या, अंथरूण-कपडे सगळं खराब झालं. आमच्या चार घागरी संपल्या होत्या. अण्णा दीड वाजता गेले, पाचवी घागर भरली, खडू हातात घेतला आणि ठेवून दिला. रेघ न ओढता घरी आले.

"मागितली आसती तर काकूनं दोन दिल्या आसत्या," अण्णा म्हणाले. "घागरीचं काय न्हाई रं. रेघ मारली न्हाई."

दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाले, तिसऱ्या दिवशी सांगू म्हणाले. त्याच पावसाळ्यात मांजरा भरली, पाटी उतरली, आणि मग सांगायला निमित्तच उरलं नाही. काकू पुढे वारल्या. आईलाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं. "चाळीस वर्षं लोकांची मापं केली. एका पोत्याचा फरक कुणी काढला न्हाई. अन् आपल्याच नावापुढची एक रेघ ऱ्हायली."

आम्ही दोघं बराच वेळ तसेच बसलो. मी त्यांना "जाऊ द्या हो अण्णा, तेवढ्याचं काय" असं म्हणणार होतो, पण ते मी माझ्यासाठीच म्हटल्यासारखं झालं असतं. शेवटी ते उठले. "तुझा माणूस हाय अजून," एवढंच म्हणाले आणि झोपायला गेले.

पुढचा आठवडा मी काय काय बहाणे शोधले ते सांगत नाही. तीन चेंडूंची डबी, एवढ्यासाठी कशाला? काका विसरलेही असतील. शुक्रवारी रात्री तर मला ताप आल्यासारखंही वाटायला लागलं.

शनिवारी खेळ सुरू व्हायच्या आधी सेक्रेटरीला बाजूला घेऊन सांगितलं. मला वाटलं होतं, तो हसून सोडून देईल. तो हसला नाही. त्याने वही उघडली, पट्टी घेतली आणि गेल्या शनिवारच्या माझ्या नावावर सरळ रेघ मारली. चुकून जास्तीचा फटका सांगितला तर तो तसाच राहतो, पण कमी सांगितला, आणि तोही माहीत असून, तर फेरी बाद. नियम तसाच आहे. हँडिकॅपच्या नोंदीतूनही ती काढायला लावतो म्हणाला. मग विचारलं, "काकांना तू सांगतोस की मी सांगू?"

मीच सांगितलं. डबी न फोडता तशीच ठेवली होती, ती पुढे केली. काकांनी घेतली. आढेवेढे घेतले नाहीत, "अरे राहू दे" म्हणाले नाहीत, आणि ते त्यांचं फार बरं केलं असं मला आज वाटतं. त्या दिवशी चारही तास माझ्याशी कोणी वेगळं वागलं नाही, पण दर होलला "किती?" विचारलं की माझे कान गरम व्हायचे. माझे त्या दिवशी बावीस गुण झाले. फुटका मग घरी.

निघताना काकांनी डबी फोडली आणि एक चेंडू अण्णांच्या हातात ठेवला. माझ्याकडून भाषांतर करून घेतलं, "यांना सांग, हा मोजणाऱ्याचा." अण्णांनी तो डोक्याला लावला आणि जाकिटाच्या खिशात टाकला. आता तो रेणापुरात कपाटात, पोस्टाच्या पासबुकाशेजारी आहे. गावी गेल्यावर ते एक दिवस काकूंच्या थोरल्या मुलाकडे गेले आणि त्याला पाचव्या घागरीचं सांगितलं. तो म्हणे हसला आणि त्याने चहा मागवला. "त्याला काय कळलं न्हाई," अण्णा फोनवर म्हणाले, "पर म्या सांगितलं."

असो. सध्या क्लबात पुढच्या कार्यक्रमांची धामधूम आहे. नोव्हेंबरात मरे नदीकाठी यारावोंगाला दोन दिवसांची सहल, त्यात दोन फेऱ्या आणि रात्री सांघिक जेवण. डिसेंबरात नाताळची ॲम्ब्रोज स्पर्धा. त्यात चौघांचा संघ असतो. चौघांनी मारायचं, सगळ्यात चांगला चेंडू निवडायचा, आणि पुढचा फटका चौघांनी तिथूनच मारायचा. संघ आपापसात ठरवतात. यादीच्या कागदावर काकांनी त्यांच्या नावाखाली माझं नाव लिहिलंय. मी विचारलं नव्हतं.

शनिवारी दुपारी अण्णांचा फोन येतो. तिकडे सकाळचा चहा झालेला असतो. आधी विचारतात, "किती?" मी गुण सांगतो. एकतीस, अठ्ठावीस, एकदा चौतीस. मग जरा थांबून विचारतात, "अन् बोंडं?"

माझ्या पँटच्या डाव्या खिशात हल्ली बोंडं असतात. धुवायला टाकताना बायको ओरडते.